खेचराखाली शिंगरू: आई नेमकी कोण?

पार्श्वभूमी

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. पलीकडे तबेल्याचा राखणदार होता. "डॉक्टर, आपलं खेचर व्यालं. शिंगरू पितंय, मी समोर उभा राहून बघतोय." घोड्या-गाढवांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मालकांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. माणसं आणि जागा ओळखता येतील असे तपशील काढून टाकले आहेत.

कुरणात दोन जनावरं होती, १४ वर्षांची घोडी आणि ८ वर्षांची मादी खेचर. आदल्या वर्षी काही आठवडे एक नर गाढव त्यांच्यात मोकळा होता. नंतर त्याला दुसरीकडे हलवलं. खेचर ही याच घोडीची लेक, पण तिचा बाप वेगळा गाढव होता. हे नातं लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच झाला.

घोडी गाभण आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोट दिसत होतं, म्हणून सोनोग्राफी कोणी केली नव्हती. खेचराची कास मात्र पंधरा दिवसांपासून भरत होती आणि ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. खेचर कधी गाभण राहतं का, हाच सगळ्यांचा समज.

रात्री दोनच्या फेरीला राखणदाराला घोडी अस्वस्थ वाटली, बाकी काही नाही. सहाला तो पुन्हा गेला तेव्हा कुरणाच्या एका कोपऱ्यात घोडी उभी होती आणि तिच्या पायाशी मेलेलं नर शिंगरू होतं. दुसऱ्या टोकाला खेचर होतं आणि त्याच्या पोटाखाली एक लहानसं, जिवंत मादी शिंगरू. घोडी दहा पावलं जवळ आली की खेचर कान मागे पाडून लाथा झाडायचं. कोणीही जो अर्थ लावला असता तोच मालकांनी लावला, की घोडीचं पिल्लू गेलं आणि खेचराचं जगलं.

खेचर सहसा का वीत नाही

घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. घोडीच्या बीजांडातून ३२ येतात, गाढवाच्या शुक्रजंतूतून ३१, म्हणून खेचराच्या प्रत्येक पेशीत ६३ असतात. आकडा विषम आहे म्हणून खेचर वांझ, असं शाळेत सांगतात. ते अर्धंच खरं. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातल्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रं ६६ असतात. पाळीव घोड्याशी त्याचा संकर झाला तर पिल्लाची होतात ६५, म्हणजे तीही विषमच, आणि तरी ते पिल्लू प्रजननक्षम असतं. तिथे फरक फार थोडा आहे. एका जातीत जोडलेलं एक गुणसूत्र दुसरीत दोन तुकड्यांत आहे एवढंच, त्यामुळे जोड्या लागतात. घोडा आणि गाढव यांच्यात मात्र तुकड्यांची मांडणी जागोजागी उलटीपालटी झालेली आहे. बीजपेशी बनताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी येऊन जुळावं लागतं. खेचरात ते जुळत नाही आणि बहुतेक बीजपेशी वाटेतच मरतात.

बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हे. नर खेचरापासून पिल्लू झाल्याची खात्रीची नोंद नाही. संकरात ज्या लिंगाची लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात त्याचीच जास्त हानी होते, हे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलं होतं. सस्तन प्राण्यांत ते लिंग नराचं. माद्यांच्या अंडाशयात मात्र क्वचित थोडी बीजांडं उरतात. मादी खेचर अनियमितपणे का होईना, माजावर येते. तिचं गर्भाशय धड असतं. दुसऱ्या घोडीचा भ्रूण त्यात ठेवून तिने पूर्ण दिवसांचं शिंगरू दिल्याची उदाहरणं आहेत. मादी खेचर व्याल्याच्या म्हणून गेल्या सुमारे पाचशे वर्षांत ज्या घटना सांगितल्या गेल्या, त्या साठच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या मोजक्याच प्रयोगशाळेत तपासलेल्या आहेत. सर्वांत चांगली तपासलेली घटना अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली, १९८४ सालची. तिथलं पिल्लू नर होतं, त्याची गुणसूत्रं ६३ होती आणि रक्ताच्या चाचण्यांतून खेचर हीच त्याची आई ठरली.

म्हणजे मालक अशक्य काही सांगत नव्हते. अतिशय दुर्मिळ, पण घडलेलं असं काही ते सांगत होते, म्हणून हसून सोडून देणं मला पटलं नाही.

मात्र खेचराबद्दल आणखी एक गोष्ट त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या जुन्या माणसांना ठाऊक असते. मादी खेचराला पिल्लाची ओढ विलक्षण असते. दुसऱ्याचं शिंगरू ती हिसकावून घेते, आणि कधी कधी न वीताही तिच्या कासेत दूध उतरतं. खेचर व्याल्याच्या जुन्या गोष्टींपैकी बऱ्याच यातूनच निघाल्या असाव्यात असं माझं मत आहे.

अडचण

नऊ वाजता मी पोहोचलो तोवर दोन गोष्टी हातच्या गेल्या होत्या. राखणदाराने मेलेलं शिंगरू पुरून टाकलं होतं आणि गवतात सापडलेली वारही त्याच खड्ड्यात लोटली होती. वार एक होती की दोन, हे त्याला सांगता येईना. "सगळं एकत्र गोळा झालेलं होतं," एवढंच तो म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुरण स्वच्छ करणं हेच त्याचं काम होतं.

मालकांचं एकच म्हणणं होतं, की माय-लेकरांना हात लावू नका. काही बिघडलं तर हे पुन्हा कधी बघायला मिळणार? त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता आणि तो मोडताना मला त्रास झाला.

आई कोण, हा प्रश्न थांबू शकत होता. शिंगराचा जीव थांबू शकत नव्हता. घोड्याच्या कुळात आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, वारेतून पिल्लाकडे जात नाहीत. ती मिळतात चिकातून. आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांतच उतरू लागते आणि साधारण २४ तासांत संपते. शिंगरू जन्माला येऊन किमान तीन आणि जास्तीत जास्त सात तास झाले होते. खेचराच्या सडातून दोन थेंब काढले, तर ते पातळ, निळसर दूध होतं. काचेवर घेऊन रिफ्रॅक्टोमीटरने बघितलं, घट्टपणा चिकाच्या जवळपासही नव्हता. घोडीच्या सडातून मधासारखा चिकट, पिवळा चीक आला.

पर्याय

पहिला पर्याय मालकांचा, म्हणजे काही करू नये. शिंगरू पितंय, उभं आहे, शेपूट हलवतंय. पण ते जे पीत होतं त्याने त्याचं पोट भरलं असतं, संरक्षण मिळालं नसतं. हा पर्याय मी स्पष्ट शब्दांत नाकारला.

दुसरा पर्याय सरळ दिसतो, की शिंगरू घोडीला लावावं. माझ्या सहकाऱ्याने फोनवर हेच सुचवलं. मी अडलो ते एका जुन्या धोक्यापाशी. गाढवाच्या तांबड्या रक्तपेशींवर एक प्रतिजन, म्हणजे शरीराला परकी वाटू शकणारी खूण, असतो; तो घोड्यांत नसतो. घोडीच्या पोटात गाढवाचं पिल्लू वाढलं की वितेवेळी तिचा त्या पेशींशी संबंध येऊ शकतो आणि तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पहिल्या खेपेला सहसा काही बिघडत नाही. पुढच्या खेपेला मात्र तीच प्रतिपिंडं चिकात उतरतात आणि चीक प्यायलेल्या शिंगराच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. काविळीने ते दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. घोड्यांच्या शिंगरांपेक्षा खेचरांच्या शिंगरांत हे कितीतरी अधिक दिसतं. या घोडीने आठ वर्षांपूर्वी एक खेचर दिलंच होतं, आणि ते समोरच उभं होतं.

तिसरा पर्याय होता बाहेरून चीक आणण्याचा, कधीही गाढवाला न लावलेल्या घोडीचा. चौथा म्हणजे चीक मिळाला नाही तर घोड्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना उरलेला द्रव, शिरेतून देणं. तो नंतरही देता आला असता, म्हणून हाताशी ठेवला.

काय केलं

शिंगराच्या रक्ताचा थेंब घोडीच्या वेगवेगळ्या प्रमाणात पातळ केलेल्या चिकात मिसळला आणि गाडीतल्या छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. नुसत्या सलाइनमध्ये मिसळलेला थेंब तुलनेला ठेवला होता. सलाइनमधल्या पेशी नळी उलटी करताच सुट्या वाहिल्या. चिकातल्या पेशींची बुडाशी घट्ट गुठळी झाली होती, आणि चीक बराच पातळ केला तरी ती सुटत नव्हती. घोडीचा चीक या शिंगराला विष होता. या चाचणीने घोडी आई आहे हे सिद्ध होत नाही, हेही मालकांना सांगितलं. बाप गाढव असलेल्या कोणत्याही शिंगराच्या पेशींची त्या चिकात गुठळी झाली असती.

गोठवलेला चीक एका ओळखीच्या अश्वपालकाकडून दुपारी पावणेबाराला आला. कोमट पाण्यात हळूहळू वितळवला आणि नाकातून नळी घालून तीन वेळा मिळून १ लिटर दिला. शिंगराचं वजन २६ किलो भरलं. पूर्ण दिवसांच्या मानाने ते फारच लहान होतं. तेव्हाच माझ्या डोक्यात जुळ्यांचा विचार आला, पण मी तो बोललो नाही.

मग शिंगरू ठेवायचं कुठे? घोडीजवळ ठेवून तोंडाला जाळी बांधायची आणि घोडीचं दूध पिळून टाकायचं, ही नेहमीची पद्धत. पण खेचर शिंगरू सोडायला तयार नव्हतं आणि ओढाताणीत शिंगरू तुडवलं जाण्याची भीती होती. खेचराचं दूध निरुपद्रवी होतं; खेचराच्या स्वतःच्याच पेशींवर तो प्रतिजन असल्यामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंडं तिच्यात असण्याचं कारण नव्हतं. म्हणून शिंगरू खेचराकडेच ठेवलं आणि दर दोन तासांनी बाटलीने वरचं दूध द्यायचं ठरवलं. घोडीला वेगळ्या आवारात नेलं. ती दोन दिवस कुंपणापाशी उभी राहून खिंकाळत होती. तो आवाज ऐकणं आम्हा कोणालाच सोपं गेलं नाही.

२४ तासांनी शिंगराच्या रक्तातलं आयजीजी, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण, लिटरला ८ ग्रॅमच्या वर होतं, म्हणजे पुरेसं. मात्र दुसऱ्या दिवशी हिरड्या किंचित पिवळ्या दिसल्या आणि रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण ३८ टक्क्यांवरून २९ वर आलं. तिथेच ते थांबलं. बाहेरून दिलेल्या चिकाने हे होणं शक्य नव्हतं. अंधारात, खेचराच्या ताब्यात जाण्याआधी, शिंगराने कोणाचे तरी चार घोट घेतले होते, आणि तसा चीक कुरणात एकीकडेच होता.

माझा कल त्या दिवशी पक्का झाला. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. मालकांनी तोवर नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना सांगून टाकलं होतं, आणि माझ्या शब्दावर त्यांनी मागे यावं असं म्हणायला माझ्याकडे ठोस काही नव्हतं. घोडी नुकतीच व्याली आहे हे तपासणीत उघड दिसत होतं, पण तिचं मेलेलं शिंगरू तर सगळ्यांनीच पाहिलं होतं. खेचराला भूल देऊन गर्भाशयाची सोनोग्राफी करू द्या, ही माझी विनंती त्यांनी पहिल्या दिवशी नाकारली. बाराव्या दिवशी ते तयार झाले, तेव्हा गर्भाशय लहान आणि बंद होतं. इतक्या दिवसांत व्यालेल्या जनावराचंही तसं होऊ शकतं.

आईचा शोध

मालकांनी कुठेतरी वाचलं होतं की मायटोकाँड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा) डीएनए फक्त आईकडून येतो, तेव्हा तोच तपासा. इतर ठिकाणी हा सल्ला उत्तम ठरला असता. इथे तो निरुपयोगी होता. खेचराचा मायटोकाँड्रियल डीएनए तिच्या आईचा, म्हणजे याच घोडीचा. शिंगरू घोडीचं असो की खेचराचं, उत्तर तंतोतंत एकच आलं असतं.

नुसती गुणसूत्रं मोजूनही भागलं नसतं. घोडी आणि गाढव यांचं पिल्लू ६३ गुणसूत्रांचं असणार. आणि नेब्रास्कातल्या पिल्लाची तपासणी असं सुचवत होती की त्या खेचराने आपल्या आईकडून आलेला घोड्याचा संच जसाच्या तसा पुढे दिला होता. तसं झालं की खेचराचं गाढवापासूनचं पिल्लूही ६३ गुणसूत्रांचंच, म्हणजे दिसायला खेचरच.

दोघींत फरक दाखवील अशी एकच जागा उरत होती. घोडीकडे डीएनएवर प्रत्येक ठिकाणी दोन प्रती असतात, आणि खेचराला त्यातली एकच मिळालेली असते. शिंगरू खेचराचं असेल तर त्याच्यात घोडीची ती दुसरी प्रत दिसूच शकत नाही. खेचराकडे नाही ते खेचर देणार कुठून?

घोडी, खेचर, नर गाढव आणि शिंगरू या चौघांचे मुळासकट केस घेतले. शिंगराचं रक्तही घेतलं, एक नळी गुणसूत्रांसाठी आणि एक डीएनएसाठी. रक्त आणि केस दोन्ही घ्यायचं मी का ठरवलं, तर त्या २६ किलोमुळे.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा फोन आला. रक्ताचा नमुना भेसळ झालेला दिसतो, काही खुणांवर (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागांवर) दोनाऐवजी तीन प्रती येत आहेत, नवा पाठवा. इथे मी नमुना टाकून दिला असता तर प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा गेला असता. मी नवी सुई, नवी नळी घेऊन, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञालाच शेजारी उभं करून पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच आलं. केसांच्या मुळांतला डीएनए मात्र स्वच्छ होता.

निकाल

१५ खुणा तपासल्या होत्या. त्यातल्या ११ ठिकाणी घोडीच्या दोन प्रती वेगवेगळ्या होत्या. शिंगराच्या केसांत ६ ठिकाणी खेचराकडे आहे तीच प्रत मिळाली आणि ५ ठिकाणी घोडीची दुसरी, खेचराकडे नसलेली. उरलेली प्रत प्रत्येक ठिकाणी त्या नर गाढवाची होती. म्हणजे शिंगरू घोडीचं होतं, आणि खेचर त्याची आई नव्हे, आई एक पण बाप वेगळा अशी मोठी बहीण होती.

मालकांनी विचारलं, "मग ते मेलेलं कोणाचं?" योग्य प्रश्न होता. त्याचं उत्तर रक्तात होतं. शिंगराच्या बहुतेक पांढऱ्या पेशींत ६३ गुणसूत्रं आणि दोन एक्स होते. थोड्या पेशींत ६३ गुणसूत्रं, पण एक्स आणि वाय. मादीच्या शरीरात नराच्या पेशी होत्या. घोडीच्या पोटात जुळी वाढताना त्यांच्या वारांच्या रक्तवाहिन्या कधी कधी एकमेकींना जोडल्या जातात आणि एकाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्याच्या अस्थिमज्जेत जाऊन वसतात. केसांत त्या नसतात, म्हणून केस स्वच्छ. प्रयोगशाळेला भेसळ वाटली ती भावाची होती. खड्डा पुन्हा उघडून हाडाचा नमुना घेतला. ९ खुणा वाचता आल्या, आणि रक्तात जादा दिसलेली प्रत्येक प्रत त्या हाडात सापडली.

घोडीच्या पोटात जुळं वाढत राहिलं की बहुतेकदा दोन्ही गर्भ आधीच पडतात. पूर्ण दिवस भरून एक जिवंत येणं हेच थोड्यांच्या वाट्याला येतं. त्या पहाटे पहिलं पिल्लू झाल्यावर घोडी दुसऱ्याच्या कळांमध्ये अडकली असणार आणि तेवढ्यात खेचराने पहिलं आपल्याकडे नेलं असणार. पाहिलं कोणीच नाही, पण क्रम याहून वेगळा मला लावता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घोडी माजावर असताना गाढव मोकळा होता हे कळल्यावर पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी झाली असती तर जुळं तेव्हाच दिसलं असतं. त्या वयात दोनपैकी एक गर्भकोश बोटांनी दाबून थांबवता येतो आणि दुसऱ्याला पूर्ण वाढ मिळते. हा उशीर मालकांचा जितका, तितकाच माझा. त्या वर्षी मी दोनदा लसी टोचायला गेलो होतो आणि विचारलं नाही. शेवटच्या महिन्यात घोडीच्या रक्तात गाढवाच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं तपासता आली असती, मग चीक आधीच आणून ठेवला असता आणि दुपारी पावणेबारापर्यंत कोणाला जीव मुठीत धरून बसावं लागलं नसतं.

राखणदाराला फोनवरच सांगायला हवं होतं की काही पुरू नका, वार बादलीत झाकून ठेवा. दोन वारा समोर असत्या तर जुळं त्याच सकाळी कळलं असतं. मी गाडीत बसण्याच्या घाईत होतो.

खेचराची सोनोग्राफी पहिल्याच दिवशी आग्रहाने करायला हवी होती का, यावर मी अजून विचार करतो. केली असती तर तीन आठवडे वाचले असते. पण भुलेखालचं खेचर, वेगळं केलेलं शिंगरू, चिकासाठी उरलेले थोडे तास आणि नाराज मालक, या सगळ्यांत शिंगराचा चीक मागे पडला असता. तो क्रम मी आजही बदलणार नाही. घोडीला मात्र तिसऱ्या दिवसानंतर, चिकाचा धोका सरल्यावर, शिंगराजवळ आणण्याचा प्रयत्न करायला हवा होता. मी तो केला नाही, आणि पाचव्या दिवशी तिचं दूध आटलं.

शिंगरू खेचराजवळच वाढलं. एक वर्षाचं झाल्यावर मी पुन्हा रक्त घेतलं. प्रकृती चांगली होती, वजनाची तूट भरून आली होती. काचेखाली बघितलं तर भावाच्या पेशी तिच्या रक्तात अजूनही होत्या.